विकत घेतल्याचा पश्चात्ताप

पुण्यामुंबईच्या जुन्या पेठांतील कापडाच्या दुकानांत गेलें म्हणजे गल्ल्याच्या वर एक पाटी अजूनहि दृष्टीस पडते : 'एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं.' ह्या पाटीखालीं बसलेला दुकानदार मात्र बहुधा पाटीइतका कठोर नसतो. गिऱ्हाईक ओळखीचें असलें, साडीची घडी मोडलेली नसली आणि बरोबर आलेल्या आजीबाई दोन शब्द गोड बोलल्या, तर पाटी भिंतीवर जागच्या जागीं राहते व साडी बदलून मिळते. उलटपक्षीं, लग्नांत नेसून झालेली साडी कोणी दुसऱ्या दिवशीं परत आणली, तर दुकानदार तिच्या काठावरचा हळदीचा डाग दाखवून हात जोडतो, आणि आणणाऱ्यासहि त्याचें म्हणणें मनांतून पटलेलें असतें. घडी आणि डाग ह्या दोन साक्षीदारांवर हा सारा व्यवहार चालत आला, व एकंदरींत बरा चालला.

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत ज्या वस्तु वारंवार विकत घेतल्या जातात, त्यांतील पुष्कळांना घडी नाहीं आणि त्यांच्यावर डागहि पडत नाहीं. मोबाइलच्या पडद्यावर वाचावयाचें पुस्तक, मुलांचा खेळ, परीक्षेच्या तयारीचा वर्ग, गाण्यांची वा चित्रपटांची महिन्याची वर्गणी, ह्यांपैकीं एकहि वस्तु काखेंत मारून दुकानाची पायरी चढतां येत नाहीं. मग ती परत करणें म्हणजे नेमकें काय करणें? आणि तिचे पैसे परत मागणें हा आमचा हक्क, कीं विक्रेत्याची मेहेरबानी, कीं प्रसंगीं आमची लबाडी? हा प्रश्न वकिलांचा आहे, वाङ्मय शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांचा नव्हे, असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. एकाच आठवड्यांत घडलेल्या दोन क्षुल्लक गोष्टींनीं तो आमच्या दारांत आणून सोडला, व तेव्हांपासून तो तेथून हाललेला नाहीं.

२०२० सालच्या मे महिन्यांतली गोष्ट. टाळेबंदीमुळें कॉलेजचें ग्रंथालय बंद होतें. इंग्रजी कादंबरीच्या वाढीवरील एका नव्या टीकाग्रंथाची पडद्यावर वाचावयाची आवृत्ति ऑनलाइन मिळत होती. ती आम्हीं ४९९ रुपयांस घेतली आणि दोन रात्रींत वाचून काढली. पुस्तक चांगलें होतें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों, कारण तें वाईट असतें तर हा लेख लिहिण्याची पाळी कदाचित् आली नसती. तिसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं आम्ही त्याची स्तुति करीत असतां आमची मुलगी म्हणाली, "बाबा, वाचून झालं ना तुमचं? मग परत करून टाका. सात दिवसांच्या आंत पैसे परत मिळतात." आम्हांस प्रथम ती थट्टा वाटली. परंतु तिनें पडदा पुढें केला. खरोखरच तेथें तशी सोय होती. परत करण्याचें कारण मात्र एका यादींतून निवडावें लागे, आणि 'वाचून झालें' असें कारण त्या यादींत नव्हतें. 'चुकून खरेदी झाली' हें होतें. आम्हीं त्यावर बोट ठेविलें. चार दिवसांनीं ४९९ रुपये खात्यांत जमा झाले.

त्याच आठवड्यांत बँकेचा निरोप आला कीं खात्यांतून ३,००० रुपये वजा झाले आहेत. आदल्या वर्षीं एका परदेशी नियतकालिकाची ऑनलाइन वर्गणी आम्हीं सवलतीच्या अल्प किंमतींत घेतली होती. चार-दोन लेख वाचले, आणि मग त्याचें नांवहि विसरलों. वर्ष संपतांच दुसऱ्या वर्षाची पूर्ण वर्गणी आपोआप कापली गेली. आम्हीं दुसऱ्याच दिवशीं लिहिलें कीं आम्हांस पुढें वर्गणीदार राहावयाचें नाहीं, नव्या वर्षाचा एकहि अंक उघडलेला नाहीं, तरी रक्कम परत करावी. उत्तर अत्यंत सौजन्यपूर्ण आलें. वर्गणी नियमानुसार पुढें चालू झाली असून चालू झालेल्या वर्गणीचे पैसे परत करण्याचें संस्थेचें धोरण नाहीं. उरलेल्या ३६४ दिवसांत आम्हीं त्यांच्या वाङ्मयाचा मनमुराद आस्वाद घ्यावा.

असा हा जमाखर्च झाला. जें अथपासून इतिपर्यंत वाचलें त्याचे पैसे परत मिळाले. जें उघडूनहि पाहिलें नाहीं त्याचे मिळाले नाहींत. दोन्ही ठिकाणीं नियम काटेकोर पाळला गेला होता. दुसऱ्या गोष्टीचा आम्हांस ताबडतोब संताप आला. पहिलीची लाज वाटण्यास मात्र बराच वेळ लागला, आणि तो कां लागला ह्याचा विचार करतां करतां आम्ही ह्या विषयांत गुंतलों.

विकत घेतलेली वस्तु परत करण्याचीं कारणें मुळांत दोनच. एक, वस्तु सदोष निघाली. दुसरें, वस्तु चांगली असूनहि घेणाराचें मन फिरलें. पहिल्या कारणाविषयीं फारसा वाद नाहीं. चालत नसलेल्या घड्याळाचे पैसे दुकानदारानें ठेवून घ्यावे असें कोणीच म्हणणार नाहीं, आणि न चालणाऱ्या खेळाचे वा न उघडणाऱ्या पुस्तकाचे ठेवून घ्यावे असेंहि नाहीं. खेळ विकणारी व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी 'पैसे परत नाहींत' अशा अटीचा आधार घेत होती. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानें २०१६ सालीं तिच्याविरुद्ध निकाल दिला, आणि आपला माल आमच्या देशांतील लोकांस विकतां त्याअर्थीं आमच्या ग्राहकांचे हक्क तुमच्या अटीनें नष्ट होत नाहींत असें बजावून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड ठोठावला. आमच्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेंहि सदोष माल परत न घेणें किंवा उणीव असलेल्या सेवेचे पैसे पावतींत लिहिलेल्या मुदतींत, व मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न करणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तेव्हां दोषाची गोष्ट सोडून देऊं. खरी अडचण दुसऱ्या कारणाची आहे. ज्याचें मन फिरलें त्याला काय हक्क?

आमच्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनीं ह्याच प्रश्नाला एक स्वतंत्र दालन दिलेलें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मनूनें राजापुढें येणाऱ्या तंट्यांचीं जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं त्यांत 'क्रयविक्रयानुशय' हें एक आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. फसवणूक नव्हे, दोष नव्हे, नुसता मागाहून झालेला पश्चात्ताप. आणि त्याला न्यायसभेंत जागा! ज्यांना आमचे पूर्वज केवळ परलोकाचा विचार करीत असें वाटतें त्यांनीं महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ सालीं प्रसिद्ध झालेला तिसरा खंड एकदां चाळावा. मनूनें घेणारा व विकणारा ह्या दोघांसहि मन बदलण्यास दहा दिवस दिले. दहा दिवस उलटल्यावर मात्र जो परत घेईल वा परत देईल त्यास सहाशें पणांचा दंड सांगितला. याज्ञवल्क्य अधिक बारकाईनें पाहतो. त्याच्या मतें बियाणें पारखण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. (त्या यादींत दास-दासीहि आहेत, त्यांचे दिवस येथें देण्याची आम्हांस इच्छा नाहीं.) ह्या आंकड्यांच्या मागें जी दृष्टि आहे ती आम्हांस फार मार्मिक वाटते. लोखंडाचा कस घाव घालतांच कळतो, गाईचें दूध दोन-तीन धारांनंतर कळतें, पण बीं रुजतें कीं नाहीं हें कळावयास मातीला वेळ द्यावा लागतो. वस्तूचें खरें स्वरूप घेणारास कळण्यास जितका काळ लागतो, तितकी पश्चात्तापाची मुदत. मुदत विकणाराच्या सोयीवर नाहीं आणि घेणाराच्या लहरीवरहि नाहीं.

नारदानें तर पश्चात्तापाची किंमतच ठरवून दिली. घेतल्या दिवशींच वस्तु जशीच्या तशी परत केली तर सर्व पैसे परत. दुसऱ्या दिवशीं केली तर किंमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तु घेणाराचीच. शिवाय तो म्हणतो कीं घेणारानें गुणदोष आधींच पारखून घ्यावे, आणि पारखून पसंत केलेली वस्तु विकणाराकडे परत जाऊं नये. आणि शेवटीं, वापरून मळविलेलें वस्त्र सदोष असलें तरीहि परत करतां येणार नाहीं. ह्या वस्त्राला त्यानें 'परिभुक्त' असा शब्द योजिला आहे.

आमच्या दोन खरेद्या घेऊन आम्ही मनानें नारदाच्या न्यायसभेंत उभे राहिलों, तेव्हां निकाल असा लागला. वर्गणीबद्दल आम्हीं दुसऱ्या दिवशीं मागणी केली होती. सबब तिसावा भाग, म्हणजे १०० रुपये, कापून २,९०० आम्हांस परत द्यावे. पुस्तक तिसऱ्या दिवशीं परत केलें खरें, पण तें परिभुक्त. सबब एक कवडीहि देऊं नये. म्हणजे प्रत्यक्षांत जें झालें त्याच्या बरोबर उलट. दोन हजार वर्षांच्या प्रगतीनंतर न्याय जागचा हालूं नये हें समजूं शकतें. तो पालथा कसा पडला?

ह्याचें कारण, आमच्या मतें, डागाचा अभाव हें आहे. नेसलेली साडी आणि न नेसलेली साडी डोळ्यांना निराळी दिसते. वाचलेलें पुस्तक पडद्यावर तितकेंच कोरें असतें. परत करतांना आम्ही काय परत करतों? विक्रेत्याच्या भांडारांतून कांहीं उणें झालेलें नसतें, त्यामुळें भर पडण्याचाहि प्रश्न नाहीं. आम्ही फक्त पुन्हां उघडण्याची परवानगी परत करतों. जें डोक्यांत शिरलें तें परत करण्याची युक्ति अजून निघालेली नाहीं. उपभोग वस्तूंत न उरतां उपभोक्त्यांत उरतो, आणि तेथें पाहणारा साक्षीदार एकच.

कायदेकारांनीं व दुकानदारांनीं ह्या न दिसणाऱ्या डागाला माप लावण्याचा आपापल्या परीनें प्रयत्न केला आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानें घरबसल्या दूरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाबाबत १४ दिवसांच्या आंत, कारण न सांगतां, मन बदलण्याचा हक्क दिला. हा शुद्ध अनुशयच होय. परंतु डिजिटल मजकूर ग्राहकाच्या स्पष्ट संमतीनें व हक्क जाईल ह्याची कबुली घेऊन एकदां पुरविण्यास सुरुवात झाली कीं हा हक्क संपतो असा अपवादहि त्यांतच घातला. म्हणजे घडी मोडतांच साडी तुमची. व्हॉल्व्ह कंपनीनें २०१५ च्या जून महिन्यांत आपल्या स्टीम नांवाच्या दुकानांत निराळें माप लाविलें : खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत व खेळ दोन तासांपेक्षां कमी खेळला असेल तर पैसे परत. माप ओबडधोबड आहे. ज्याचा खेळ मुळांतच दीड तासांत संपतो त्या छोट्या कारागिराचा माल लोक पूर्ण भोगून परत करूं शकतात, आणि तशी त्या कारागिरांची तक्रार आहे. गझल आणि महाकाव्य एकाच गजानें मोजल्यासारखें हें झालें. तरी पण ह्या मापांत याज्ञवल्क्याची दृष्टि आहे, हें कबूल केलें पाहिजे. दोन तास म्हणजे बीं रुजण्याचा काळ, त्यापुढें पीक.

आमच्या पुस्तकाकडे ह्या दृष्टीनें पाहतां एक गोष्ट स्पष्ट होते. आम्हांस तें पुस्तक घेतल्याचा पश्चात्ताप झालाच नव्हता. पैसे गेल्याचा झाला होता. हे दोन निराळे मनोविकार आहेत, आणि अनुशय हें नांव पहिल्यासच शोभतें. दहावीस पानें वाचून हा ग्रंथ आपल्या कामाचा नाहीं असें ज्यास कळलें त्याची परीक्षा पुरी झाली. त्यानें परत करावें. ज्यानें शेवटचें पान वाचून समाधानानें डोळे मिटले, त्याची परीक्षा केव्हांच संपली, उपभोगहि संपला. आणि शेवटपर्यंत वाचून पुस्तक वाईट निघालें तर? येथें आमचें मत कदाचित् कठोर वाटेल, परंतु नाटक पडलें म्हणून तिकिटाचे पैसे परत मागणारा प्रेक्षक आम्हीं अजून पाहिला नाहीं. तो घरीं जातांना नाटककारास शिव्या देतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतो, आणि तेथें त्याचा हक्क संपतो. मात्र नोकरीची हमी देऊन विकलेला शिकवणीचा वर्ग असा वाईट निघाला, तर ती रसिकतेची गोष्ट राहत नाहीं. तो सरळ दोष आहे, व दोषाचा कायदा वर सांगितलाच आहे.

मनूनें अनुशय विकणारालाहि दिला होता, हें आम्ही पुढें जाण्यापूर्वीं आठवून ठेवावें, कारण ह्या नव्या बाजारांत विकणाराचा पश्चात्ताप फार विलक्षण रूपें घेतो. २००९ सालच्या जुलै महिन्यांत ॲमेझॉन कंपनीच्या किंडल ह्या वाचनयंत्रावर लोकांनीं विकत घेतलेलीं ऑर्वेलचीं '१९८४' व 'ॲनिमल फार्म' हीं पुस्तकें एके दिवशीं नाहींशीं झालीं. ज्या संस्थेनें तीं विक्रीस ठेविलीं होतीं तिला प्रकाशनाचे हक्कच नव्हते, हें कळतांच कंपनीनें तीं दुरूनच पुसून टाकलीं आणि सर्वांचे पैसे परत केले. नेमकें ऑर्वेलचेंच पुस्तक असें अदृश्य व्हावें, ह्या योगायोगावर त्या वेळीं पुष्कळ लिहिलें गेलें. आमचा मुद्दा तो नाहीं. एका शाळकरी विद्यार्थ्यानें त्या पुस्तकावर अभ्यासाचीं टिपणें केलीं होतीं. पुस्तक गेल्यावर टिपणें राहिलीं, पण तीं कोणत्या वाक्यावर होतीं तें वाक्यच राहिलें नाहीं. त्यानें दावा लाविला. प्रकरण त्याच वर्षीं तडजोडीनें मिटलें, आणि कंपनीचे प्रमुख बेझोस यांनीं जाहीर क्षमा मागितली. पैसे तर पूर्ण परत झाले होते. मग क्षमा कशाची?

दहा वर्षांनीं ह्या प्रश्नाला एका दुसऱ्या कंपनीनें नकळत उत्तर दिलें. मायक्रोसॉफ्टनें २०१९ च्या एप्रिलमध्यें आपलें पुस्तकांचें ऑनलाइन दुकान बंद केलें; जुलैपासून विकलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. घेणाऱ्यांना पूर्ण किंमत परत देण्यांत आली, आणि ज्यांनीं पुस्तकांत खुणा वा टिपणें केलीं होतीं त्यांना वर आणखी २५ डॉलरांची रक्कम दिली गेली. आम्हीं हें वाचलें तेव्हां उठून कपाटांतील आमची शेक्सपिअरची जुनी प्रत काढली. तिच्या समासांत तीस वर्षांच्या शिकविण्यांत केलेलीं टिपणें आहेत. कांहीं चुकीचीं आहेत, कांहीं ठिकाणीं आम्हीं आमचेंच म्हणणें दहा वर्षांनीं खोडलें आहे. ह्या समासांची किंमत २५ डॉलर! रकमेची आम्ही थट्टा करीत नाहीं. उलट ती देणाराच्या मनांत एक सत्य डोकावलें होतें असेंच आम्हांस वाटतें : वाचणारा पुस्तकांत कांहीं तरी घालतो, आणि तें विक्रेत्याच्या पावतींत कोठेंच लिहिलेलें नसतें. वस्तु परत नेतां येते, पैसे परत देतां येतात. पण दोघांच्या मध्यें जें तयार झालें तें कोणाकडे परत जावें?

ह्या घटनांवरून हेंहि उघड होतें कीं ज्याला आम्ही विकत घेणें म्हणतों तें बहुधा विकत घेणें नसतेंच. तो एक परवाना असतो, आणि देणारा तो काढून घेऊं शकतो. कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून असें ठरविलें कीं केवळ परवाना देणाऱ्यानें तसें स्वच्छ सांगितल्याखेरीज 'विकत घ्या' हा शब्द वापरूं नये. शब्दांवर ज्यांचा चरितार्थ चालतो त्या आमच्यासारख्यांना हा कायदा फार आवडला.

आतां वर्गणीकडे वळूं. येथें पश्चात्तापाचें स्वरूपच निराळें आहे. पुस्तक घेतांना मनुष्य कांहीं तरी करतो. वर्गणी पुढें चालू राहतांना तो कांहींच करीत नाहीं, आणि न केल्याबद्दल त्याचे पैसे जातात. जुन्या मराठी मासिकांच्या वर्षअखेरच्या अंकांत एक सूचना हटकून असे : पुढील वर्षीं ज्यांस वर्गणीदार राहावयाचें नसेल त्यांनीं तसें कळवावें, नाहींतर पुढचा अंक व्ही. पी.नें रवाना होईल. म्हणजे मौन ही संमति, हें तत्त्व तेव्हांहि होतें. पण पोस्टमन दारांत व्ही. पी. घेऊन उभा राहिला म्हणजे वर्गणीदाराला पुन्हां एकदां 'हो' किंवा 'नको' म्हणावें लागे, आणि पुष्कळजण खुशाल 'नको' म्हणत. टपालाचा खर्च संपादकाच्या अंगावर पडे, आणि मग तो पुढच्या अंकांत ह्या वर्गणीदारांना उद्देशून कळवळून लिही. त्या काळीं विसराळूपणाचा भुर्दंड विकणारानें सोसला. आज तो घेणारा सोसतो. दोन काळांतला सगळा फरक त्या पोस्टमनचा आहे.

विस्मरणावर धंदा उभारतां येतो हें एकदां कळल्यावर तें विस्मरण जोपासण्याची कलाहि निर्माण होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०२३ च्या जूनमध्यें ॲमेझॉनविरुद्ध केलेल्या फिर्यादींत म्हटलें होतें कीं त्या कंपनीच्या 'प्राइम' वर्गणींतून बाहेर पडण्यास चार पानें, सहा वेळां दाबणें आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, आणि ह्या वाटेला कंपनींतील लोक आपसांत 'इलियड' म्हणत. होमर शिकलेल्या कोणी पदवीधरानेंच हें नांव दिलें असावें, आणि तें त्याला वाटलें त्याहूनहि समर्पक आहे, कारण इलियडमध्यें युद्ध संपतच नाहीं. हेक्टरच्या अंत्यविधीपाशीं काव्य थांबतें. २०२५ च्या सप्टेंबरांत हें प्रकरण अडीचशें कोटी डॉलरांवर मिटलें, त्यांतील दीडशें कोटी ग्राहकांना परत देण्यासाठीं होते. कंपनीनें दोष कबूल केला नाहीं.

आमच्याकडे रिझर्व्ह बँकेनें १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आणलेला नियम ह्या बाबतींत आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो. कार्डांवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधीं ग्राहकाकडे गेली पाहिजे, त्याला नको म्हणण्याची सोय असली पाहिजे, आणि ठराविक मर्यादेहून मोठी रक्कम असेल तर दर वेळीं त्याची नव्यानें संमति घेतली पाहिजे. ही मर्यादा प्रथम ५,००० रुपये होती, २०२२ च्या जूनमध्यें ती १५,००० झाली. व्ही. पी. घेऊन येणारा पोस्टमनच रिझर्व्ह बँकेनें पुन्हां दारांत उभा केला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें ग्राहकास फशीं पाडणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्या निषिद्ध ठरविल्या. वर्गणीचा सापळा ही त्यांतील एक. मात्र नुसत्या अनुशयाला आमच्या कायद्यांत अद्याप सर्वसाधारण हक्काचें स्थान नाहीं. मनूचे दहा दिवस अजून परत यावयाचे आहेत.

ह्या सर्व वाचनांतून आमची बाजू बळकट होत चालली होती. ३,००० रुपये आम्हांस मिळावयास हवे होते, ह्याविषयीं आमच्या मनांत संशय उरला नाहीं. मुलगी तेव्हां म्हणाली, "मग झालं तर! एकीनं तीन हजार अन्यायानं घेतले, दुसरीकडून तुम्ही पांचशें घेतले. अजून अडीच हजार येणंच आहे तुमचं. आणि परत दिल्यानं त्यांचं काय कमी झालं? पुस्तक त्यांच्याकडे जसंच्या तसंच आहे." हा युक्तिवाद आम्हीं येथें उतरून ठेविला, कारण तो आम्हांसहि सुचला होता, तो तिच्या तोंडून आल्यामुळें इतकेंच कीं त्याचें उत्तर शोधणें भाग पडलें. कमी कांहींच होत नाहीं हें खरें. पण मग नियतकालिकाच्या संस्थेचेंहि आमचे पैसे परत दिल्यानें कांहीं कमी झालें नसतें. आणि तिनें ते द्यावे असें आम्ही म्हणतों तें तिचें कांहीं कमी होत नाहीं म्हणून नव्हे, तर आम्हीं तिच्याकडून कांहीं घेतलें नाहीं म्हणून. पुस्तकाचें आम्हीं सर्व कांहीं घेतलें होतें. राहतां राहिला हिशेबाच्या वजाबाकीचा मुद्दा. तोहि टिकला असता, जर दोन्ही ठिकाणीं समोरचा मनुष्य एकच असता.

तो एक नव्हता, हें आम्हांस २०२२ च्या सप्टेंबरांत कळलें. अमेरिकेंतील ऑथर्स गिल्ड ह्या लेखकसंघानें त्या वेळीं जाहीर केलें कीं ॲमेझॉनशीं झालेल्या वाटाघाटींनंतर, दहा टक्क्यांहून अधिक वाचलेलें ई-पुस्तक वाचकास यापुढें एका दाबानें आपोआप परत करतां येणार नाहीं. ही मागणी कां करावी लागली, तर पूर्ण वाचून पुस्तकें परत करण्याची टूम निघाली होती, आणि परत झालेल्या प्रत्येक प्रतीचें मानधन लेखकाच्या खात्यांतून वजा होत असे. कांहीं लेखकांच्या महिन्याच्या हिशेबांत त्यामुळें जमेऐवजीं येणें निघाल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध झालीं होतीं. आम्हीं ज्या दुकानांतून घेतलें त्याची त्या वेळची नेमकी रीत काय होती हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. त्या गृहस्थांच्या हिशेबांतूनहि आमचा आंकडा खोडला गेला असणार. आमच्यासारखाच तोहि एका कॉलेजांत शिकवितो, हें पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिलेलें आम्हांस आठवत होतें. आणि आमच्या स्वतःच्या दोन पाठ्यपुस्तकांचीं झेरॉक्स केलेलीं पानें वर्गांत पाहून आम्ही विद्यार्थ्यांना काय काय बोललों आहों, तेंहि आठवलें.

त्या डिसेंबरांत आम्हीं तें पुस्तक पुन्हां विकत घेतलें. किंमत ६५० रुपये झाली होती. ह्यामुळें यादींतून निवडलेलें तें कारण कांहीं खरें ठरत नाहीं. आमच्या सहीचें नसलें तरी तें आमच्या बोटाचें असत्य तेथें नोंदलेलें आहेच. मुलीनें हिशेब करून सांगितलें कीं १५१ रुपये अधिक गेले. नारदाच्या भावानें हा पश्चात्ताप स्वस्तच पडला.

३,००० रुपये परत आले नाहींत. ते ३६४ दिवस आम्हीं तें नियतकालिक हट्टानें एकदांहि उघडलें नाहीं. पैसे गेलेच होते तर वाचावयास काय हरकत होती, असें मुलीचें म्हणणें; त्यावर आमच्याजवळ चांगलेंसें उत्तर नाहीं. त्या वर्षीं त्यांत कादंबरीवर एक फार उत्तम लेखमाला आली होती, असें आमचे एक सहकारी सांगतात.